चौदा नंबरची पात

सोमवार उजाडला की रेणुकाला इंग्लंडमधल्या बायका दिसायला लागायच्या. बस अंबडच्या स्टँडात शिरायच्या आतच डोळ्यांपुढं हिरवं मैदान यायचं आणि त्यावर पळणाऱ्या बायकांच्या पाठीवरचे आकडे. तिकडं रविवारी सामने व्हायचे, सोमवारी त्यांचा व्हिडिओ इकडं यायचा, आणि बुधवारी संध्याकाळपर्यंत त्या नव्वद मिनिटांत कोणी चेंडू कुणाला दिला, कोणी हिसकावला, कोण कुणाच्या अंगावर धावून गेलं, हे सगळं रेणुकाला नोंदवून द्यायचं असायचं. एका संघाच्या हजारभर नोंदी. सप्टेंबर ते मे, असे बावीस सामने.

सेंटर म्हणजे बी-बियाण्यांच्या दुकानावरची एक लांबट खोली. जिन्यात खताचा वास, वर आठ कॉम्प्युटर आणि त्यांच्यापुढं आठ बायका. भुजंगराव हा तिथला साहेब. आधी तो तिथंच कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा आणि त्या काळातली सर्टिफिकिटं अजून भिंतीवर लटकत होती. आठ जणींपैकी एकीनंही जन्मात फुटबॉलला पाय लावलेला नव्हता. पण इंग्लंडमधल्या बायकांच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये कोणत्या संघाची कोणती बाई डाव्या पायानं फटका मारते, हे या आठ जणींना तोंडपाठ होतं. याला नशीब म्हणायचं की चेष्टा, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

यादीतली आडनावं कुणाच्या जिभेवर बसत नसत. मग बायकांनी आपापल्या संघाचं बारसं केलं. रेणुकाचा संघ निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. त्यात एक ‘शिडी’ होती, एक ‘वेणीवाली’ होती, वारा लागला तरी पडणारी एक ‘नखरेवाली’ होती. बावीस नंबरची एकोणीस वर्षांची ‘पोर’ होती, जिला दम म्हणजे काय हे अजून ठाऊकच नव्हतं. आणि चौदा नंबरची ‘मावशी’ होती. मावशी चौतीस वर्षांची, मधल्या फळीत खेळणारी. पंधरा वर्षं याच संघात. केस मागं घट्ट बांधलेले, उजव्या गुडघ्याला पट्टा.

रेणुका स्वतः एकतीसची. बारावी झाली आणि लग्न झालं, लग्न झालं आणि हातात खुरपं आलं. बारा वर्षं ती लोकांच्या वावरात खुरपायला गेली. मग एक दिवस ओणवी झाली ती सरळच होईना. जालन्याच्या डॉक्टरनं फोटो काढला आणि सांगितलं, वाकायचं काम बंद. डॉक्टरला काय जातंय म्हणायला! तेवढ्यात तिच्याच गावची वंदना या सेंटरला लागलेली होती, तिनं रेणुकाला आणलं. रेणुकाची नजर चांगली आणि बोटं चालती. खुर्चीत बसून करायचं काम मिळालं तेव्हा पहिल्या दिवशी ती जिन्यात उभी राहून रडली होती.

पण हंगामाच्या सुरुवातीलाच भुजंगरावानं सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं.

“पुढच्या वर्षी मशीन येऊन राह्यलंय. बरंच काम तेच करंल. आठातल्या तीन जणी ठेवायच्या असा वरून हुकूम आहे. ज्यांचा हंगाम साफ, त्या राहतील. बाकीच्यांना मी काय करू?”

“साफ म्हणजे कसा, सर?” रेणुकानं विचारलं.

“साफ म्हणजे बिलकुल साफ. पाठीवरचा नंबर दिसला न्हाई तर अंदाज मारायचा न्हाई, अज्ञातचं बटन दाबायचं. आणि जुन्या नोंदी पुन्हा-पुन्हा बदलायच्या न्हाईत. बदललेली नोंद लाल होते. शंभर लाल झाल्या की ते खातं पुढच्या हंगामाला चालत न्हाई, आपोआप बंद पडतं.”

रेणुकानं मनाशी ठरवलं की तिघींत आपण असायचं. नाहीतर पुन्हा खुरपं आणि पुन्हा ती कंबर. दुसरा रस्ता तिच्यापुढं नव्हता आणि ते तिला पक्कं माहीत होतं.

सप्टेंबर-ऑक्टोबर बरे गेले. संघ हरत होता, पण हरल्याचंही लिहावंच लागतं. संध्याकाळी नवरा, सुग्रीव, मेंढरं कोंडून आला की हात धुता-धुता विचारायचा.

“जिंकली का तुझी मावशी?”

“हरली.”

“आणखीन? मंग तिला बी माझ्यासारखं मेंढरामागं धाडून दे. पळायची सवय तर हाये.”

सगळी हसायची. रेणुकाची सासू वच्छलाबाई सुद्धा हसायची, आणि हसता-हसता तिला धाप लागायची.

नोव्हेंबरात तिकडं चिखल सुरू झाला. दुपारी चारलाच अंधार, मैदानावर दिवे, बायकांच्या तोंडातून वाफा. पाठीवरचे आकडे चिखलानं भरून जायचे. रेणुका एकेक धाव आठ-आठ वेळा मागं नेऊन बघायची. डोळ्यांतून पाणी यायचं, मान आखडायची. चहा पिऊन पुन्हा बसायचं. एका सामन्यात एकाहत्तराव्या मिनिटाला तिला मावशी दिसली. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून वाकून उभी होती. चेंडू तिकडं चाललेला, सगळ्या पळत होत्या, आणि ही एकटी खाली बघत होती.

ते उभं राहणं रेणुकानं ओळखलं. दिवसाच्या शेवटाला, सूर्य अजून हातभर वर असतो आणि पात अजून अर्धी राहिलेली असते, तेव्हा बाई अशी उभी राहते.

मग कॅमेरा फिरला आणि कोणीतरी समोरच्या बाईवर धावून गेलं. पाठ सगळी चिखलाची. चौदा किंवा बावीस, दोघी सारख्याच अंगलटीच्या. खरं तर ती पोरच असणार, कारण मावशी आत्ता पलीकडं वाकून उभी होती. रेणुकानं आठ वेळा बघितलं. आणि चौदा दाबलं.

आता तिनं ते का केलं, हे तिकडच्या माणसाला सांगून पटणार नाही. आपल्याकडं खुरपणीला बायका एका रांगेत बसतात. जिच्या वाट्याला पिकाची जी ओळ, ती तिची पात. सगळ्या आपापली पात धरून पुढं सरकत जातात. एखादी बाळंतीण असते, एखादीचं दुखत असतं, ती मागं पडायला लागते. मग तिच्या दोन्ही हातांच्या बायका आपली पात ओढता-ओढता तिच्या पातीतलं चार हात गवत काढून देतात. कुणी काही बोलत नाही, जिची पात ओढली ती आभारही मानत नाही. बांधावरचा मालक बघतो तेव्हा सगळ्या एका रेषेत दिसतात. रेणुका दोन महिन्यांची लेक झाडाच्या झोळीत टाकून खुरपायला गेली होती, तेव्हा महिनाभर बायकांनी तिची पात अशीच ओढली होती. तिनंही मग किती जणींची ओढली असेल, त्याला मोजमाप नाही. त्यात पाप असतं असं तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

तर नोव्हेंबरापासून रेणुका मावशीची पात ओढायला लागली. चिखलात नंबर दिसला नाही, की चौदा. दोघी-तिघींचा घोळका झाला, की चौदा. आधी एका सामन्यात दोन-तीन, मग सहा-सात, मग दहा. पुढं-पुढं तर बावीस नंबर स्वच्छ दिसत असतानाही ती एखाद-दुसरी धाव इकडं टाकायची. पोरीला काय, तिच्याकडं ढीग होता. गोल मात्र रेणुकानं कधी दिला नाही. गोल जगाला दिसतो, तेवढी अक्कल तिला होती. तपासणारे कुठंतरी दूर बसून शंभरातल्या पाचच नोंदी बघायचे, आणि त्यांनाही चिखलात काय दिसणार?

एकदा शेजारच्या खुर्चीवरून वंदना वाकून बघायला लागली.

“ही तुझी मावशी या वयात एवढी कामून पळून राह्यली गं?”

“तिला पळावंच लागतंय,” रेणुका म्हणाली, आणि पुढची नोंद दाबली.

थंडी सरली. संघ तळालाच होता. रेणुकाचे डोळे लाल झालेले, चष्मा लागलेला. पडद्यावर मावशीही झिजत चाललेली दिसायची. गुडघ्याचा पट्टा आता जाड झाला होता, आणि फेब्रुवारीत तर सामना सुरू व्हायच्या आधीपासूनच ती तोंडानं श्वास घ्यायला लागली. रेणुकाला वाटायचं, हिला कुणी बसवत का नाही? तिच्या कोचला डोळे नाहीत का? संध्याकाळी बसमध्ये खिडकीला डोकं टेकून ती त्या न बघितलेल्या कोचला मनातल्या मनात शिव्या द्यायची.

मार्चात भुजंगराव खुशीत वर आला. हातात फोन होता.

“रेणुकाताई, तुमच्या संघाची तारीफ आलीय. पुण्याच्या ऑफिसानं पाठवली. तिकडच्या डॉक्टर-कोचला आपले आकडे लई कामाला येऊन राह्यले म्हणे.”

“कशाच्या कामाला, सर?”

“आता तुमची चौदा नंबरच घ्या. चौतीस वर्षांची बाई. तिला एक सामना सोडून एक खेळवायची, असा त्यांचा जानेवारीपासून विचार होता. पण आकडे बघितले तर शेवटच्या वीस मिनिटांत बी ती पोरींच्या बराबरीनं धावून राह्यली! मंग बसवायची कशाला? पूर्ण नव्वद मिनिटं ठेवून राह्यले तिला.”

“आपल्या आकड्यांवरून?”

“न्हाई तर काय? आपण काय इथं वेळ घालवून राह्यलो का?”

तो हसत-हसत खाली गेला. रेणुकाला आजवर वाटत होतं की ह्या नोंदी कुठंतरी जाऊन पडतात, कणगीत दाणे पडावेत तशा. त्या कुणीतरी उघडून वाचतं, आणि वाचून एका बाईनं बसायचं की नाही ते ठरवतं, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. ज्या कोचला ती शिव्या देत होती त्याच्या डोळ्यांवर पट्टी तिनंच बांधली होती. दुपारचा डबा तिनं न उघडताच परत नेला.

सांगून टाकावं, हे तिच्या मनात आलं. आलं आणि तिनं ते मागं ढकललं. सांगितलं की तिघींतली जागा गेली, एवढं सरळ होतं ते. मग तिनं मधला रस्ता काढला. आजपासून खरं लिहायचं. हळूहळू आकडे उतरतील, ते बघतील, मावशीला बसवतील, आणि आपल्यालाही कुणी काही विचारणार नाही. भ्यालेला माणूस असाच रस्ता काढतो. पुढचे तीन सामने तिनं अगदी डोळ्यांत तेल घालून लिहिले. पण अख्ख्या हंगामाच्या बेरजेत तीन सामन्यांनी काय फरक पडतो? मावशी तिन्ही सामन्यांत पूर्ण वेळ मैदानात होती.

एप्रिलातल्या सामन्यात अठ्ठावन्नाव्या मिनिटाला ती खाली बसली. आसपास कुणी नव्हतं, कुणाचा धक्का नाही, पाय अडकला नाही. पळता-पळता उजवा पाय तिनं टेकवला आणि ती बसली. दोघींनी दोन्ही बाजूंनी धरून तिला बाहेर नेलं. रेणुकानं तेवढं एकदाच बघितलं. मग वेळ टाकली, चौदा टाकलं, आणि ‘बाहेर’चं बटन दाबलं. नोंद बरोबर होती.

पुढचे दोन सामने मावशीशिवाय गेले. रेणुकाला वाटलं, सुटली बिचारी एकदाची. आपणही सुटलो.

मेच्या पहिल्या आठवड्यात, बुधवारी दुपारी, भुजंगराव तिच्या टेबलाशी आला.

“ताई, जल्दीचं काम आहे. रविवारी तुमच्या संघाचा शेवटचा सामना. हरले तर वरच्या लीगमधून खाली. चौदा नंबरला गुडघा बांधून उतरवायची का, याचा त्यांचा खल चाललाय. तिच्या अख्ख्या हंगामाच्या धावा वेगळ्या काढून मागितल्यात. उद्या संध्याकाळपर्यंत कागद पायजे.”

“तिचा पाय तर गेलाय, सर.”

“डॉक्टर म्हणतो बसवा, कोच म्हणतो उतरवा. आकडे चांगले असले तर उतरवतील. आणि आकडे तर तिचे फसकिलास हायेत.”

त्या संध्याकाळी रेणुकानं कागदाचं घरी सांगितलं. सांगायचं ठरवलं नव्हतं. वच्छलाबाई ओसरीवर तुरीची डाळ निवडत बसली होती, रेणुका शेजारी बसली, आणि तोंडातून आपोआप आलं. पात ओढल्याचं, कोचचं, गुडघ्याचं, उद्याच्या कागदाचं. वच्छलाबाईला फुटबॉल कळत नव्हता, पण पात कळत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. ताटातले खडे बाजूला सारत राहिली.

“आत्याबाई, काहीतरी बोला ना.”

“काय बोलू बाई?” वच्छलाबाई म्हणाली. “मला ताप होता ते साल तुला ध्यानात हाये का? पऱ्हाटीच्या खुरपणीचं?”

“हाये की. न्युमोनिया झाल्ता तुम्हाला. पंधरा दिवस सरकारी दवाखान्यात होत्या.”

“पहिल्याच दिवशी मी फणफणले होते. माझ्या एका हाताला तू बसल्ती, दुसऱ्या हाताला बेबीनंदा. दोघींनी माझी पात ओढली. दुसऱ्या दिवशी बी ओढली. मालक बांधावर हुभा, त्याला सगळ्या एका रांगेत दिसल्या. मी मागं पडले असते, तर त्यानंच म्हणलं असतं, ह्या म्हातारीला घरी धाडा. मंग मी गेले असते घरी. मला बी वाटायचं, पात तर बराबर चाललीय, मी कशाला उठू? तिसऱ्या दिवशी बांधावरच पडले.”

सात वर्षं झाली होती त्याला. तेव्हापासून सासूला जिना चढवत नव्हता, हसलं तरी धाप लागायची.

“तुम्ही हे कधी बोलल्या न्हाई.”

“काय बोलायचं? चांगल्या मनानं केल्तं तुम्ही. मी बी दुसऱ्यांसाठी तेच केल्तं जन्मभर.” तिनं डाळ पाखडली. “पण मागं पडलेली बाई दिसू द्यावी गं कधी-कधी. दिसली तर कुणीतरी उठ म्हणतं.”

रेणुका उठून आत गेली आणि भाकरीचं पीठ मळायला बसली. मळता-मळता तिला रडू आलं. सासूसाठी आलं, मावशीसाठी आलं, आणि उद्या जाणाऱ्या खुर्चीसाठीही आलं. ते शेवटचं रडू तिनं स्वतःपासून लपवलं नाही.

गुरुवारी ती पहिल्या बसनं गेली. भुजंगराव यायचा होता. तिनं हंगाम उघडला आणि नोव्हेंबरापासून एकेक सामना काढायला घेतला. आपण कुठं-कुठं हात मारला ते तिला पाठ होतं. खुरपणाऱ्या बाईला गेल्या वर्षीची पात सुद्धा आठवते. चौदा काढायचं, त्या जागी अज्ञात टाकायचं. जिथं पोर दिसत होती तिथं बावीस टाकायचं, जिचं तिला परत. प्रत्येक नोंद बदलली की लाल व्हायची. दहा झाल्या, तीस झाल्या. वंदना येऊन बसली तेव्हा अर्धा पडदा लाल होता.

“अगं, डोकं फिरलं का तुझं? काय करून राह्यली? शंभर होतील!”

“होऊ दे.”

“मला सांग तरी.”

रेणुकानं चार वाक्यांत सांगितलं. वंदनाच्या हातात असतं तर तिनं निम्म्या नोंदी आपल्या अंगावर घेतल्या असत्या, पण एकीच्या खात्यातल्या नोंदी दुसरीला बदलता येत नव्हत्या. तिनं तांब्या भरून रेणुकाच्या टेबलावर ठेवला आणि आपल्या कामाला लागली.

शंभरावी नोंद लाल झाली तेव्हा वरच्या कोपऱ्यात एक पट्टी आली: हे खाते चालू हंगामापुरतेच वैध. रेणुकानं ती वाचली, पाणी प्यायली आणि पुढं निघाली. आता घाई नव्हती. ती प्रत्येक धाव नीट बघत होती. मावशीनं न केलेलं तिच्या नावावर राहू नये आणि तिचं असलेलं जाऊही नये.

फेब्रुवारीच्या एका सामन्यात चौऱ्याऐंशीव्या मिनिटाची एक धाव होती. ही आपण पोरीची काढून मावशीला दिलेली, एवढं रेणुकाला पक्कं आठवत होतं. पाठ पूर्ण चिखलाची, कॅमेरा लांब. तिनं बावीस टाकायला बोट उचललं आणि थांबली. धाव घेताना त्या बाईचा डावा खांदा आधी खाली जात होता. उजव्या गुडघ्यावर भार येऊ नये म्हणून ती सगळं अंग डावीकडं टाकून पळत होती. रेणुकानं पुन्हा बघितलं. पोर अशी पळत नाही. ही मावशीच होती. चार गोलांनी हरत असताना, सहा मिनिटं उरलेली असताना, त्या धावेचा कुणालाही काडीचा उपयोग नव्हता, आणि तरी ती स्वतःच्या पायांनी तिथवर धावत गेली होती. दया म्हणून टाकलेली नोंद खरी निघाली होती.

ती नोंद रेणुकानं होती तशी ठेवली.

दुपारी भुजंगराव आला आणि पडदा बघून टेबल धरून उभाच राहिला.

“ताई, हे काय केलं?”

रेणुकानं सांगितलं. काही लपवलं नाही, डोळ्यांना पदरही लावला नाही. भुजंगराव प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला. ओरडेल असं वाटलं होतं, पण ओरडायलाही जीव लागतो, आणि त्याचाही हंगाम संपत आलेला होता.

“एकशे एकोणसाठ,” तो म्हणाला. “एकशे एकोणसाठ लाल! मला आधी सांगायचं होतं. आपण गुपचूप ठेवलं असतं. तिघींत तुमचं नाव मी कधीच लिहून ठेवल्तं.”

“मंग कागद तसाच गेला असता, सर.”

“गेला असता तर गेला असता! ती तिकडची बाई. तुम्हाला वळखत बी न्हाई.”

“मी वळखते ना तिला.”

भुजंगरावानं एकदा भिंतीवरच्या सर्टिफिकिटांकडं बघितलं. मग त्यानं चष्मा पुसला आणि कागद मागितला. कागद त्यानं दुरुस्त केलेलाच पाठवला, ‘मोजणीत आमची चूक झाली होती’ अशी ओळ टाकून. पुण्याहून त्याला काय-काय ऐकावं लागलं असेल ते त्यानं कधी सांगितलं नाही. एवढं त्याच्या बाजूनं बोललंच पाहिजे.

“शेवटचा सामना वंदनाला देतो,” जाताना तो म्हणाला. “तुम्ही आता घरी जा, ताई.”

रेणुकानं चष्म्याची डबी, डबा आणि पाण्याची बाटली पिशवीत टाकली. खुर्ची टेबलाखाली सारली. जिन्यात खताचा वास नेहमीसारखाच होता.

सोमवारी ती गावातल्याच एका वावरात होती. उन्हाळी भुईमूग उपटून ढीग लावलेला, आणि लिंबाच्या सावलीत सात-आठ जणी वेलांच्या शेंगा तोडत बसलेल्या. बसायचं काम असलं तरी वाकावं लागतंच. कमरेला तिनं जुनं लुगडं घट्ट आवळून बांधलं होतं आणि दर थोड्या वेळानं ती एक हात मागं टेकून पाठ ताणत होती. उन्हं डोक्यावर आली तेव्हा फोन वाजला.

“रेणुका, व्हिडिओ आला,” वंदना म्हणाली. आवाज दबका होता. “हरले गं तुझे. दोन-एक. खाली गेला संघ.”

रेणुकाला वाईट वाटलं. चांगलंच वाटलं वाईट. वेणीवाली, शिडी, ती नखरेवाली, आठ महिने ह्या सगळ्या तिच्या डोळ्यांपुढून पळाल्या होत्या.

“आणि ती?”

“न्हाई उतरवली.”

“बिलकुल न्हाई?”

“एक मिनिट बी न्हाई. बाकावर बसून होती, मोठं जाकीट पांघरून. शेवटाला कॅमेरा गेल्ता तिच्यावर. सगळ्या रडून राह्यल्या होत्या. ही पाय लांब करून, मागं डोकं टेकून बसल्ती. डोळे मिटलेले.”

रेणुकाच्या कागदानं हे झालं की तिकडच्या डॉक्टरनं हेका धरला म्हणून झालं, हे कुणी कधी सांगणार नव्हतं. मावशी संघासोबत राहणार की जाणार, पंधरा वर्षांनी त्या बाईला तो शेवटचा सामना खेळायचाच होता का, तेही रेणुकाला कळणार नव्हतं. कदाचित ती मनातून कुणाला तरी शिव्या देत बसली असेल. देऊ दे.

“झोपली होती का गं?” तिनं विचारलं.

“झोपल्यासारखीच दिसत होती. नोंद काय टाकू मी हिची? हिच्या नावावर काहीच न्हाई.”

“काही टाकू नको,” रेणुका म्हणाली. “बसू दे तिला.”

फोन बंद झाला. पलीकडून बेबीनंदानं मान वर केली.

“कोण बसलं गं?”

“हाये एक बाई,” रेणुका म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि हातांना माती होती, त्यामुळं पुसता येईनात. “लई दिवसांची दमलेली.”